उकळलेला समुद्र

कमळाताई रिसेप्शनवर उभ्या होत्या आणि आमची रिसेप्शनिस्ट त्यांच्या देखत रूम फ्रेशनर मारत होती. काचेपलीकडून मला ते दिसलं आणि माझं डोकं फिरलं. मी तशीच एप्रनवर बाहेर आले.

"मॅडम, मी ह्यांना सांगितलं, सप्लायरला अलाउड नाही," रिसेप्शनिस्ट म्हणाली.

"तो फवारा आधी खाली ठेव."

मासळीचा वास मला वास वाटत नाही. मी लालबागची, घर मालवणी, आणि नोकरी फूड टेस्टिंग लॅबमध्ये. परळला जिथे पूर्वी गिरणी होती तिथे आता काचेची इमारत आहे, तिच्या एका मजल्यावर आमची लॅब. मी मायक्रोबायोलॉजी सेक्शनची हेड. लोक जे खातात त्यात घातक जंतू आहेत का, हे शोधणाऱ्या माणसांवर देखरेख करायची, एवढंच माझं काम.

कमळाताईंचं नाव मी कागदावर वाचलं होतं, त्यांना पाहिलं नव्हतं. पन्नाशीच्या पुढच्या. लुगडं, केसांत अबोली, आणि खांद्याला कॉलेजच्या मुलींसारखी सॅक. बसायला सांगितलं तरी बसल्या नाहीत. सोफा खराब होईल म्हणाल्या.

"मॅडम, आमची कोलंबी तुमीच तपासता ना? आमचं काय चुकतंय तेवढं सांगा. मी लगेच जाते."

प्रश्न सरळ होता. आणि त्याचं उत्तर द्यायची मला मनाई होती.

हे जरा समजावून सांगायला हवं. आमचा क्लायंट होता एक केटरिंग कंपनी. लोअर परळच्या टॉवर्समधल्या ऑफिसांना त्यांचे जेवणाचे डबे जायचे. त्यात एक कोळंबीचा सॅलड बोल होता, तो फार चालायचा. कोळंबी त्यात जेमतेम वाफवलेली असते, कारण जास्त शिजली की ती रबरासारखी होते आणि साहेबलोक तक्रार करतात. ही कोळंबी सोलून, धागा काढून, बर्फात घालून पुरवायच्या कमळाताई आणि त्यांच्या गटातल्या बायका. बंदराच्या अंगाला एका छोट्या कोळीवाड्यात त्यांची शेड होती. प्रत्येक लॉटमधलं सॅम्पल कंपनी आमच्याकडे पाठवायची. रिपोर्ट जायचा कंपनीला. सप्लायरशी लॅबने बोलायचं नाही, सल्ला तर मुळीच द्यायचा नाही. परीक्षकाने परीक्षेला बसलेल्या पोराची शिकवणी घ्यायची नसते, तसंच. नियम चांगला आहे. मीच नवीन लोकांना तो घोकायला लावते.

गटाचे दोन लॉट पॉझिटिव्ह निघाले होते. पुन्हा एकदा निघाला की गटाचं नाव कंपनीच्या यादीतून जाणार, असं करारात होतं.

"ताई, मी तुम्हाला काही सांगू शकत नाही. कंपनीला विचारा."

"त्यांना इचारलं. ते बोलतात, हायजिन सुधारा. अवो, मी दिवसाला तीनदा फरशी घासते. आनखी काय घासू?"

  कमळाताईंनी आवाज खाली आणला.

"बाजारात होते मी, लगीन झाल्यापासून. तुमाला सांगते, तिथं दिवसभर पानी पीत नसू आमी. का? तर जायाला जागा नाय. निम्म्या बायांना मूतखडे. आता शेड हाय. टेबलावर उभं राहून काम, डोक्यावर पंखा, मागं संडास. कडी लागते असा संडास. हे काम गेलं तर शेड जाईल मॅडम. परत त्या फुटपाथला बसायचं बळ नाय कुनात."

त्या गेल्या. रिसेप्शनिस्टने परत फवारा उचलला, मग माझ्याकडे बघून ठेवून दिला.

पॉझिटिव्ह म्हणजे काय तेही सांगते. आम्ही शोधत होतो व्हिब्रिओ नावाच्या जंतूंच्या कुळातला एक. हा खाऱ्या पाण्याचा रहिवासी. उन्हाळ्यात, समुद्र तापला की वाढतो. पोटात गेला की उलट्या, जुलाब, ताप. धडधाकट माणूस आडवा होतो आणि अशक्त माणसाचं काही खरं नसतं. जुन्या पद्धतीने, म्हणजे कल्चर लावून, तो शोधायचा तर मासळी एका द्रावणात ठेवायची, मग हिरव्या रंगाच्या खास थरावर पसरायची आणि वाट बघायची. जंतू असला तर त्या प्लेटवर हिरव्या टिकल्या उगवतात. मग ती टिकली नक्की त्याचीच आहे का, ह्यासाठी आणखी चाचण्या. ह्या सगळ्यात इतके दिवस जातात की तोवर कोळंबी लोकांच्या पोटात जाऊन पचलेली असते.

म्हणून रॅपिड टेस्ट आली. आमच्याकडे त्यासाठी पीसीआर मशीन आहे. ते जंतू शोधत नाही, जंतूच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा शोधतं. तुकडा सापडला की त्याची कॉपी काढतं, मग कॉपीची कॉपी, फेरीमागून फेरी. पुरेशा कॉपी झाल्या की स्क्रीनवर एक रेघ आडवी चाललेली असते ती वर उठते. जंतू भरपूर असले तर रेघ लवकर उठते, कमी असले तर उशिरा. सॅम्पल आज आलं तर उद्या उत्तर. तोवर लॉट कंपनीच्या कोल्ड रूममध्ये थांबतो. मशीन आलं तेव्हा आमचे डायरेक्टर कामत सरांनी पेढे वाटले होते. मीही दोन खाल्ले होते.

ती बाई माझ्या डोक्यातून जाईना. गटाचे आधीचे रिपोर्ट मी काढून बघितले. हायजिन वाईट असलं की एकटा व्हिब्रिओ येत नाही. सोबत घाणीचे, हातांचे, मोरीच्या पाण्याचे जंतू येतात. इथे बाकी सगळं स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ की मोठ्या हॉटेलांचं किचन लाजावं. फक्त हा एकच खारट पाहुणा. हे मला पटत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी मी कोळीवाड्यात गेले. नियम मोडायला गेले, हे मला माहीत होतं. माझ्या नवऱ्याने विचारलं, कुठे निघालीस? मी म्हटलं, मासळी आणायला.

शेडमध्ये बघण्यासारखी चूक नव्हती. स्टीलची टेबलं, रबरी बूट, डोक्याला टोप्या. फिल्टरचं पाणी. बर्फ सर्टिफिकेटवाल्या फॅक्टरीचा. सुऱ्या गरम पाण्यात बुडवून ठेवलेल्या. मी तासभर एका स्टुलावर बसून बघत राहिले. बायका आधी बावरल्या, मग मला विसरल्या आणि आपापसांत कुणाच्या तरी हळदीवरून भांडायला लागल्या. कोळंबी सोलली जात होती, तीनदा धुतली जात होती. मला काही सापडेना.

टेम्पो आला. कमळाताईंच्या जाऊबाईंनी कोपऱ्यातल्या निळ्या पिंपाचं झाकण काढलं. सोललेल्या कोळंबीची एकेक जाळी उचलून त्यात बुडवली, वर काढली, निथळली आणि बर्फात ठेवली. इतक्या सहज, की डोळा चुकला असता.

"हे काय केलंत?" मी विचारलं.

"काय?" जाऊबाईंना कळेना.

"आत्ता कशात बुडवलीत?"

"दर्याच्या पान्यात."

"का?"

आता सगळ्याच बायका माझ्याकडे बघायला लागल्या, जसं काही मी जेवायच्या आधी हात का धुता असं विचारलं होतं.

कमळाताई म्हणाल्या, "मॅडम, मासली दर्याची. नुस्तं गोडं पानी लागलं की ती मरगलते, चव उतरते. शेवटचा हात दर्याचाच लावून धाडायची. माजी सासू तसंच करायची. तिची सासूपन."

"कंपनीला सांगितलंत हे?"

"त्यात सांगायचं काय?"

खरंच, त्यात सांगण्यासारखं त्यांना काही वाटलंच नव्हतं. कंपनीच्या लोकांनी तीन वेळा इन्स्पेक्शन केलं होतं, तेही सकाळी, टेम्पो यायच्या आधी. धुता कशात, तर फिल्टरच्या पाण्यात. हे बुडवणं त्यांच्या लेखी धुणं नव्हतंच. मासळीला निरोप देताना जे करतात ते करत होत्या. आणि कोळणींच्या पिढ्यान् पिढ्यांना ते बाधलं नव्हतं, कारण ती मासळी घरोघरी जाऊन खळखळ उकळणाऱ्या कालवणात पडायची. सॅलड बोल कुणाच्या सासूने पाहिला होता?

मी पिंपातलं पाणी एका बाटलीत भरून नेलं. दुसऱ्या दिवशी मशीनमध्ये एक जागा रिकामी होती तिथे ते चालवलं. रेघ सुरुवातीलाच उठली आणि तडक वर गेली.

संध्याकाळी कमळाताईंना फोन केला. दर्याचं पाणी बंद. फिल्टरच्या पाण्यात मीठ घालून ते उकळा, गार करा, हवं तर त्यात बुडवा. जंतू उकळल्यावर मरतो, मिठाने मरत नाही. हे मी दोनदा सांगितलं. पलीकडे बायकांचा गलका ऐकू येत होता.

"बरं मॅडम. करते बरोबर. तुमचे उपकार झाले," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी फार खुशीत होते. घरी जाताना दादरला उतरून गजरा घेतला, जो मी एरवी घेत नाही.

पुढचा लॉट आला. सॅम्पल मी स्वतः लावलं. सकाळी रन सुरू झाला, मी चहा घेऊन स्क्रीनसमोर बसले. बाकीच्या सॅम्पलच्या रेघा आडव्या. आमची रेघही आडवी. फेऱ्या चालल्या, रेघ आडवीच. मी कप ठेवायला उठले. परत आले तर शेवटच्या फेऱ्यांमध्ये ती वर वाकली होती. मरतुकडी, आळसावलेली, पण उठली होती. मशीनच्या दृष्टीने उठली म्हणजे उठली. कोपऱ्यात लाल अक्षरं आली: डिटेक्टेड.

मी पुन्हा चालवलं. पुन्हा तेच.

मी जिन्यात जाऊन फोन लावला. "ताई, दर्याचं पाणी वापरलंत?"

"वापरलं. पन उकलून!" त्यांचा आवाज आनंदी होता. "मिठाचं करून पायलं मॅडम, पन त्यात ती मजा नाय. कोलंबी वेगलीच दिसते. मंग मी बोलले, जंतू उकलल्यावर मरतो ना? मंग दर्याच उकलू. मोठ्या टोपात, चांगला आटवला, अर्धा होईस्तो. गाळला, झाकला. थोडा थोडा वापरला. आता एक जंतू नाय त्यात. बरोबर ना?"

मी जिन्याच्या पायरीवर बसले.

बरोबर होतं. शंभर टक्के बरोबर. त्यांनी मी सांगितलेलं सगळं समजून घेऊन, आपली रीत न सोडता, त्यावर उपाय शोधला होता. त्या पाण्यात जिवंत जंतू एकही असणं शक्य नव्हतं. पण जंतू मेला तरी त्याचा डीएनए लगेच नाहीसा होत नाही. तुकड्यातुकड्यांनी पाण्यात पडून राहतो. आणि समुद्र आटवून अर्धा केल्यावर तो दुप्पट दाट होतो. मशीनला फक्त तुकडा ओळखता येतो. तो जिवंत जंतूचा की मेलेल्याचा, हे त्याला कळत नाही. मेलेल्यांना वगळायचं एक रसायन मिळतं, टेस्टच्या आधी घालायचं. मी ते मागितलं होतं. कोणताही क्लायंट मागत नाही, असं उत्तर आलं होतं.

"मॅडम? बरोबर ना?"

"हो ताई, बरोबर," मी म्हटलं आणि फोन ठेवला. दुसरं काय बोलणार?

कामत सर वाईट माणूस नाहीत. कुणाशी वाईटपणा घेत नाहीत, एवढाच त्यांचा दोष. मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन रेघ दाखवली.

"लेट कर्व्ह आहे," ते म्हणाले.

"मेलेल्यांचा डीएनए आहे सर. मला खात्री आहे. कल्चर लावलंय. प्लेट्स येईपर्यंत रिझल्ट होल्ड करू या."

"शुभदा, करारात काय आहे? स्क्रीनिंग पॉझिटिव्ह म्हणजे कळवायचं. कल्चरचं ते नंतर बघतील."

"मग निदान कळवताना शंका आहे असं लिहू या."

"लॅबने शंका लिहायची? लोक आपल्याला शंकेसाठी पैसे देतात का?"

तरी त्यांनी माझ्यासाठी एक केलं. कंपनीच्या क्वालिटी मॅनेजर मिस विजयकर, त्यांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अदिती विजयकर गिरगावातल्या जुन्या पाठारे प्रभू घरातल्या. मासळी बोटांनी ओळखणारी माणसं. बोलायला अतिशय शालीन.

मी त्यांना सगळं समजावलं. उशिरा उठलेली रेघ, मेलेले जंतू, प्लेट्सची वाट. त्यांनी मध्ये न बोलता ऐकून घेतलं.

"मॅडम, मला तुमचं म्हणणं समजलं," त्या म्हणाल्या. "पण लॉट मी थांबवू कसा? कोळंबी आहे. ती थांबते का?"

"फ्रीज करून ठेवा."

"आमचा करार फ्रेश मालाचा आहे. आणि पॉझिटिव्ह माल फ्रीझरमध्ये ठेवला आणि चुकून किचनमध्ये गेला, तर मी जेलमध्ये जाईन. मागच्याच महिन्यात एका ऑफिसातून पोट बिघडल्याच्या तक्रारी आल्यात. त्या कशाने आल्या ते अजून कळलेलं नाही. मला रात्रीची झोप नाही हो."

"पण ह्या लॉटमध्ये जिवंत काही नाही. त्यांनी पाणी उकळलेलं आहे."

मिस विजयकरांनी मला तिथेच थांबवलं.

"कुठलं पाणी?"

कामत सरांनी माझ्याकडे बघितलं.

"बुडवायचं पाणी," मी म्हटलं. "समुद्राचं. आधी कच्चं वापरत होत्या, आता उकळून वापरतात."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

मी खोटं बोलू शकले असते. अंदाज आहे म्हणायचं. पण अंदाजाला त्यांनी काडीची किंमत दिली नसती आणि मला तो लॉट वाचवायचा होता. "मी शेडवर गेले होते," मी म्हटलं.

"तुम्ही? सप्लायरच्या शेडवर? आम्हाला न कळवता?" त्यांचा आवाज अजूनही शालीन होता, पण त्यातली ऊब गेली होती. "मग आता तुम्ही त्यांच्या बाजूने बोलताय ह्याचा मी काय अर्थ घ्यायचा? सॉरी मॅडम. कामत सर, मला रिझल्ट पाठवा प्लीज. जसा आहे तसा."

त्यांची काय चूक? त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. ज्या माणसाला खरी गोष्ट माहीत होती तो माणूस नियमाने बाद झाला होता, आणि ज्याला काहीच कळत नव्हतं ते मशीन नियमात बसत होतं. कामत सरांनी माझ्यासमोर मेल पाठवला. मग म्हणाले, "तू घरी जा आज."

मी घरी गेले नाही. टॅक्सी करून माझगावला कंपनीच्या कोल्ड रूमवर गेले. काय करणार होते ते मलाही सांगता आलं नसतं. नाकारलेला माल बाजारात परत जाऊ नये म्हणून तो तिथेच नष्ट करतात, आणि सप्लायरला समोर उभं करून करतात. हाही नियम चांगलाच आहे.

मी पोहोचले तेव्हा क्रेट अंगणात मांडून झाले होते. कमळाताई, त्यांच्या जाऊबाई आणि गटातल्या आणखी काही जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. एक सिक्युरिटी गार्ड फिनेलचा कॅन घेऊन क्रेटमागून क्रेट ओतत चालला होता. गुलाबी, टणक, नखभर काळा ठिपका नसलेली कोळंबी. तिच्यावर पांढरा फेस चढत होता. बर्फ पिवळट होत होता. माझं शिक्षण, माझी नोकरी, माझं मशीन, सगळं त्या अंगणात मला नकोसं झालं. असं वाटलं की गार्डच्या हातातला कॅन हिसकावून घ्यावा. घेतला नाही. माझ्यासारख्या बायका असं काही करत नाहीत.

कमळाताईंनी मला पाहिलं. जवळ आल्या नाहीत. शेवटचा क्रेट होईपर्यंत त्या तिकडेच बघत राहिल्या आणि मग बायकांना घेऊन निघून गेल्या.

प्लेट्सचा निकाल यायचा तेव्हाच आला. मी रोज इनक्युबेटर उघडून बघत होते, जसं काही बघितल्याने लवकर होणार होतं. सगळ्या चाचण्या संपल्या. एका प्लेटवरही हिरवी टिकली नव्हती. कल्चर निगेटिव्ह. लॉट खाण्यायोग्य. तोवर मला त्या कंपनीच्या कामावरून काढून पिण्याच्या पाण्याच्या सॅम्पलवर बसवलं होतं, त्यामुळे रिपोर्टवर सही दुसऱ्याची झाली.

रिपोर्ट कंपनीला गेला. मिस विजयकरांनी मला स्वतःहून फोन केला, हे त्यांच्या बाजूने सांगायलाच हवं.

"मॅडम, मला खूप वाईट वाटतंय. पण व्हेंडर बदलला गेलाय. नवीन माल गुजरातहून येतोय, फार्मचा. मॅनेजमेंटला आता जुना विषय नकोय."

"एक पत्र तरी द्या त्यांना. त्यांचा माल चांगला होता म्हणून. दुसरं किचन मिळेल."

"तुमची टेस्ट चुकली, असं मी लिहू का?"

"टेस्ट चुकली नाही," मी म्हटलं. सवयीने म्हटलं. आणि तेच खरं होतं. मशीनने डीएनए आहे म्हटलं, डीएनए होताच.

"मग मी काय लिहू, मॅडम?"

मी फोन ठेवला. 

रिपोर्ट क्लायंटचा, तो मी कमळाताईंना देऊ शकत नव्हते. पण तोंडाने सांगण्यापासून मला कोण अडवणार होतं? मी पुन्हा शेडवर गेले. टेबलं टेम्पोत चढत होती. पंखा उतरवून झाला होता. मला वाटलं होतं, त्या मला दारातूनच हाकलतील. कमळाताईंनी एक पालथी बादली पुढे केली. मी तिच्यावर बसले.

"निकाल आला ताई. तुमच्या कोळंबीत काही नव्हतं. एकही जिवंत जंतू नव्हता. तुम्ही केलं ते बरोबर होतं."

"मंग ह्यांना सांगा," कमळाताई म्हणाल्या. "माज्यावर इश्वास नाय कुनाचा. सगल्या बोलतात, मॅडमनी सांगितलेलं मिठाचं पानी वापरलं असतं तर वाचलो असतो."

मी उभी राहिले आणि सगळ्यांना सांगितलं. जंतू मेलेला असला तरी मशीनला दिसतो, हेही सांगितलं. मी हे कॉलेजांत, सेमिनारमध्ये, परदेशी ऑडिटरांसमोर शेकडो वेळा समजावलं आहे. इतक्या लक्षपूर्वक कुणी ऐकलं नव्हतं. माझं बोलणं संपलं. टेम्पोवाला बाहेरून हाका मारत होता.

मग जाऊबाई म्हणाल्या, "म्हंजे चांगली होती."

"हो. चांगली होती."

"मंग फिनेल वतलं कशाला?"

ह्या प्रश्नाचं शास्त्रीय उत्तर आहे. करारातलंही उत्तर आहे. मला दोन्ही पाठ आहेत. मी एकही दिलं नाही. कमळाताईंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ द्या मॅडम, तुमी रडू नका," तेव्हा मला कळलं की मी रडत होते.

शेडमध्ये आता कुणाचं तरी पाण्याच्या बाटल्यांचं गोडाऊन आहे. गटातल्या दोघी घरकामाला जातात. बाकीच्या बाजारात परत बसल्या. कमळाताई दादरला असतात. गुडघ्यांमुळे खाली बसवत नाही, म्हणून प्लास्टिकच्या स्टुलावर. मी त्यांच्याकडून मासळी घेते. त्या मला चांगली निवडून देतात, भाव करू देत नाहीत आणि त्या कामाचा विषय काढत नाहीत. परवा दुपारी मी माझी पाण्याची बाटली पुढे केली. उन्हाने त्यांचे ओठ सुकले होते. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली.

माझ्या धंद्यात गेल्या काही वर्षांत सगळं जलद झालं. टेस्ट जलद, रिपोर्ट जलद, आणि रिपोर्टवरून कुणाला काढून टाकणं तर सगळ्यात जलद. काढलेल्या माणसाला परत आणायची मात्र अजून एकच जुनी पद्धत आहे, कुणीतरी जाऊन त्याच्यासाठी शब्द टाकायची, आणि ती वापरायला कुठल्याच लॅबला परवानगी नाही.